दुपारचा समुद्र

यंदाच्या मे महिन्यापर्यंत, त्र्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात मी समुद्र चार वेळा पाहिला आणि चारही वेळा भर दुपारी. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढचा समुद्र निळा नाही, पांढरा आहे. नुकती कल्हई केलेली परात उन्हात ठेवावी तसा. त्याच्याकडे धड बघता येत नाही, पायाखालची वाळू भाजत असते आणि मागून कुणीतरी ओरडत असतं, "चल, चल, बाराची गाडी चुकंल!"

ते कुणीतरी म्हणजे माझा नवरा, आमचे तात्या. नाव विजयसिंह, नोकरी पाटबंधारे खात्यात, हेडक्लार्क म्हणून निवृत्त. पण अख्खं गंगावेश त्यांना तात्या म्हणतं, म्हणून मीही म्हणते. तात्यांना रोज संध्याकाळी सहा वाजता गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर हजर असावं लागतं. तिथं गवळी म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसानं भरलेला पेला हातात देतात. न तापवलेलं, कोमट दूध. बाहेरगावची माणसं ते बघायला येतात, फोटो काढतात आणि आमच्या लोकांची छाती फुगते. जगात दुसरीकडे कुठं म्हैस दूध देत असेल, यावर कोल्हापूरकराचा विश्वास नाही.

लग्नानंतर नवी जोडपी महाबळेश्वरला जात. आम्ही पन्हाळ्याला गेलो. सकाळी आठला निघालो, तीन दरवाजा पाहिला, पिठलं-भाकरी खाल्ली आणि पावणेसहाला घरी. मी विशीतली मुलगी, मला वाटलं नवऱ्याला काही महत्त्वाचं काम असेल. महत्त्वाचं काम म्हणजे कट्ट्यावरच्या रुद्रय्या गवळ्याच्या बापाची म्हैस. पुढं रत्नागिरी, गणपतीपुळे, वेंगुर्ला, मालवण, जिथं जिथं गेलो तिथून दुपारीच परत फिरलो. मालवणला आमचा मुलगा अभिराम, लहान होता तेव्हा, वाळूचा किल्ला करत होता; त्याला अर्ध्या किल्ल्यावरून उचलून एस.टी.त बसवला. तो पोरगा कोल्हापूरपर्यंत रडला; गाडी पुढं सांगलीला जाणारी असती तर सांगलीपर्यंत रडला असता.

एवढ्यावरच भागलं असतं तर मी काही बोलले नसते. आमच्या पिढीतल्या बायकांनी याहून वाईट नवरे काढले. पण मी मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला आणि त्यात एक खोटं शिकवलं.

त्र्याऐंशी साल असेल. नववीचा वर्ग, विषय कोकण किनारपट्टी. मी सांगत होते, पश्चिम किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळताना दिसतो. तिसऱ्या बाकावर विद्याश्री बसायची, गडहिंग्लजच्या व्यापाऱ्याची मुलगी, कोल्हापुरात मामाकडे शिकायला राहिलेली. तिनं हात वर केला. "बाई, तुम्ही बघितलाय?"

वर्गात पंचावन्न मुली. पंचावन्न तोंडं माझ्याकडे. "नाही, कारण आमच्या घरी संध्याकाळी म्हशीचं दूध असतं," असं भूगोलाच्या बाईनं सांगायचं कसं? मी म्हणाले, "हो. सूर्य पाण्याला टेकतो तेव्हा क्षणभर थांबतो. मग हळूच आत जातो, आणि लाल वाट थेट आपल्या पायांपर्यंत येते."

विद्याश्रीनं ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या सगळ्या वर्गांना मी तेच सांगितलं, कारण एकदा सांगितलेलं बदलता येत नाही. ती आता स्वतः गडहिंग्लजच्या शाळेत शिकवते. शिक्षकदिनाला न चुकता फोन करते, आणि तिचा "बाई" हा शब्द ऐकला की मला ती लाल वाट आठवते.

गेल्या दिवाळीत डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, काचबिंदू आहे, उजवा डोळा गेल्यात जमा, डावा किती टिकेल सांगता येत नाही. घरी सगळे हळहळले. मी मनात म्हटलं, एक डोळा आहे तोवर ते खोटं एकदा खरं करून घ्यायला हवं.

म्हणून यंदा मे महिन्यात सुनेनं, अवंतिकेनं, पुण्याहून फोन केला तेव्हा मी नको म्हणाले नाही. एरवी म्हणाले असते. "आई, तुमच्या एक्कावन्नाव्या अॅनिव्हर्सरीसाठी रत्नागिरीला सी-फेसिंग रूम बुक केलीय. तीन रात्री. फक्त तुम्ही दोघं. क्वालिटी टाइम!" माणसं घरात एकमेकांशी बोलत नाहीत आणि मग हॉटेलात जाऊन वेळेचा दर्जा सुधारतात. तात्या तिकडून खुणेनं विचारत होते, काय म्हणतीय? मी सांगितलं, "तीन रात्री रत्नागिरी. म्हणजे तीन संध्याकाळी."

"तीन?" तात्या खुर्चीतून उठले. "सांजच्याला माघारी येऊ की. गाडीनं साडेतीन तासाचं काम."

"तुम्ही या. मी राहणार आहे."

एकट्या बायकोला हॉटेलात ठेवून आलं तर गंगावेश काय म्हणेल, हा विचार त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसला. ते आले. बॅगेत सर्वात वर त्यांनी आपला पितळी पेला ठेवला, धोतराच्या फडक्यात गुंडाळून.

गाडी ज्ञानूची. हा पन्नाशीचा माणूस आमच्या गल्लीत राहतो आणि मुंबईपासून हुबळीपर्यंत सगळे रस्ते त्याला पाठ आहेत. मी त्याला सांगून ठेवलं होतं, सातच्या आत मला समुद्रावर पोचव. दुपारी एकला निघालो. हिशेबानं पाचला पोचायला हवे होतो. मलकापूरला तात्यांना मिसळ हवी झाली. आंब्याला चहासाठी थांबलो तर हॉटेलवाला वारणानगरचा निघाला. झालं. कोल्हापूरकर दोन भेटले की नातं सापडल्याशिवाय उठत नाहीत. तुमचं आडनाव काय, मामा कुठले, साखर कारखान्यात अमुक होते ते तुमचे कोण. अडीच तासांनंतर असं निष्पन्न झालं की हॉटेलवाल्याच्या चुलत बहिणीचा दीर तात्यांच्या ऑफिसात शिपाई होता. दोघांनी मिठी मारली. मी घड्याळ दाखवलं तर तात्या म्हणाले, "आगं, घरचीच माणसं निघाली की!"

घाट उतरेपर्यंत अंधारलं. पहिली संध्याकाळ अशी गेली.

हॉटेलात पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या पसरलेल्या आणि टॉवेल पिळून दोन हंस करून ठेवलेले. चोचीला चोच. स्वागताला मैथिली नावाची पोरगी होती, तिनं टाळ्या वाजवून "अंकल, आंटी, सो क्यूट!" म्हटलं आणि आम्हाला हृदयाच्या आकाराचा केक कापायला लावला. तात्यांनी तिला विचारलं, "पोरी, हितं म्हस कुठं बांधत्यात?" तिला वाटलं, म्हातारबाबा विनोद करतात. ती खूप हसली. रात्री मी हंस सोडवले, त्या टॉवेलांनी पाय पुसले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसत होता. अकरा वाजता तो पांढरा व्हायला लागला तसा मी उठून पडदा ओढून घेतला. पाचव्यांदा दुपारचा बघायचा नव्हता.

चार वाजल्यापासून तात्यांची चुळबुळ सुरू झाली. आधी दाढी केली, मग टोपी घातली, मग पेला बाहेर काढला. पाचला म्हणाले, "ज्ञानूनं तपास काढलाय. सात-आठ किलोमीटरवर एका बाईच्यात म्हस हाय. सहाला दूध पिऊन साडेसहाला समुद्रावर. तुझं बी हुतंय, माजं बी हुतंय."

"मला इथंच राहू द्या."

"आन् मी त्या बाईच्या गोठ्यात एकटा जाऊ व्हय? बरं दिसतंय का?"

मी गेले. तिथं मी चुकले, कबूल करते. एक्कावन्न वर्षं ज्याच्या मागे चालले, त्याच्या मागे पाय आपोआप जातात.

गोठा विठाबाई नावाच्या बाईचा. मागं काजूची झाडं, पुढं पत्र्याची शेड, तीत दोन गाई आणि एक म्हैस. तात्यांनी पेला पुढं करून सांगितलं, "ह्यात धार काढा." विठाबाई त्या पेल्याकडे आणि मग आमच्याकडे अशी बघायला लागली, जणू आम्ही देवळातून काही चोरून आणलंय.

"धार झाली पाचला," ती म्हणाली. "दूध गेलं घरोघर. थोडं घरात आहे, तापवून देते. बसा."

"तापवल्यालं?" तात्यांचा आवाज चढला. "तापवल्यालं दूध आजारी मान्सं पित्यात!"

"मग तुम्ही बरे आहात म्हणता?"

ज्ञानू तोंड फिरवून हसला. तात्यांना ते लागलं. मग त्यांनी विठाबाईला कोल्हापूरचं दूध काय असतं, म्हैस कशी असते, कट्टा कसा असतो यावर व्याख्यान दिलं. ती बाई खरंच सोशिक. शेवटी कंटाळून ती म्हशीखाली बसली, कासेला पाणी मारलं आणि कशीबशी पाव पेला धार काढून दिली. तात्यांनी पेला हातात घेतला. उजेडाकडे धरला. हुंगला. आणि म्हणाले, "पेला भरलाच न्हाय तर प्यायचं काय त्यात? ज्ञानू, घे तू."

ज्ञानू एका घोटात प्याला.

मी शेडच्या पत्र्याकडे बघत होते. पत्रा आधी पिवळा झाला, मग तांबूस, मग गंजासारखा लाल आणि मग नुसताच पत्रा. टेकडीपलीकडे कुठंतरी सूर्य मावळत होता आणि मी शेणात उभी होते. चपलेला लागलेलं शेण मी हॉटेलच्या हिरवळीवर घासून काढलं. दुसरी संध्याकाळ.

तिसऱ्या दिवशी मी कुणाला विचारत बसले नाही. साडेपाचला साडी बदलली, डोळ्यांत थेंब घातले आणि ज्ञानूला म्हटलं, "भाट्याच्या किनाऱ्यावर सोड." तात्या टोपी घालून गाडीत येऊन बसले. पेला हातात होताच.

किनाऱ्यावर माणसं पुष्कळ. सगळे जोडीजोडीनं आणि सगळे सूर्याकडे पाठ करून उभे. एक मुलगी नवऱ्याला हाताचा तळवा असा वर धरायला लावत होती की फोटोत सूर्य त्याच्या हातावर ठेवल्यासारखा दिसावा. "थोडं खाली. अजून खाली. अरे, सूर्य पडतोय!" ती ओरडत होती. नवरा डोकं मागं वळवून एकदाही बघत नव्हता. सूर्य बघायला दीडशे-दोनशे किलोमीटर यायचं आणि तो फोनमध्ये बघायचा. आमचे तात्या निदान उघड तरी म्हणत होते की त्यांना समुद्र नको आहे. ते एका ओंडक्यावर बसले होते, तोंड जमिनीकडे, सुरूच्या झाडांकडे.

सात वाजायला वीस मिनिटं असताना माझा फोन वाजला. मला आता फोनवरची बटणं नीट दिसत नाहीत, म्हणून माझा फोन कायम स्पीकरवर असतो.

"वहिनी, नमस्कार. रुद्रय्या बोलतोय, गंगावेशीतनं. तात्यांचा फोन लागंना. बरं हायत न्हवं?"

"बरे आहेत. म्हैस शोधताहेत."

रुद्रय्या मोठ्यानं हसला. त्याचा बाप असाच हसायचा. "तीन दिस कट्टा सुना पडलाय बघा. काल सांगलीचं पावणं आलतं, बायका-पोरं घिऊन. इचारत हुतं, ते दूध देणारं आजोबा कुठं गेलं म्हणून."

"दूध देणारे? ते पितात, देत नाहीत."

"आता कुठलं पित्यात, वहिनी? चार वर्सं झाली की. डाक्टरनं बंद क्येलंय न्हवं का, पोटात राहत न्हाय म्हणून? रोज येत्यात, भरल्याला पेला घेत्यात, आन् नवं कोण दिसलं की म्हणत्यात, घ्या पावणं, आमच्या कोल्हापूरचं हाय. मग त्या पावण्याला बसवून घेत्यात आन् गप्पा..." त्याचा आवाज एकदम खाली आला. "तुमास्नी ठावं हाय न्हवं?"

मी फोन बंद केला. तात्या अजून सुरूच्या झाडांकडेच बघत होते, पण मान ताठ झाली होती.

"चार वर्षं?" मी विचारलं.

"साडेतीन," तात्या म्हणाले.

"अभिरामनं गोव्याची तिकिटं काढली होती दोन वर्षांपूर्वी. तुम्ही परत करायला लावलीत. म्हणालात, दुधाशिवाय झोप येत नाही."

"न्हायच येत झोप."

"दूध न पिता येते आणि दुधाशिवाय येत नाही?"

"दुधाचं न्हाय गं." त्यांनी पेला एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तितं लोकं वळखत्यात मला. तात्या आलं म्हणत्यात. सरकून जागा देत्यात. हितं कोण इचारतंय? सकाळधरनं तीन जणास्नी नमस्कार घातला. एकानं तरी वळून बघितलं का?"

हेडक्लार्क माणूस. फायली गेल्या, खुर्ची गेली, सलाम करणारे शिपाई गेले. उरला तो कट्ट्यावरचा एक दगड, आणि त्या दगडासाठी यांनी माझ्या संध्याकाळी आणून तिथं ठेवल्या. दूध असतं तर मी समजू शकले असते. दूध निदान पोटात जातं. हे तर परक्या माणसाला पेला देऊन त्याच्या तोंडून दोन शब्द विकत घेत होते आणि त्याला पाहुणचार म्हणत होते.

एक्कावन्न वर्षांचं बोलणं माझ्या तोंडाशी आलं. पन्हाळ्यापासून सुरुवात करणार होते. मालवणचा अर्धा किल्ला, एस.टी.ची बाराची गाडी, विठाबाईच्या गोठ्यातलं शेण, सगळं क्रमानं. मी तोंड उघडलं आणि मला दिसलं, तात्यांच्या टोपीवर उजेड तांबूस झाला आहे.

भांडण कोल्हापुरातही करता येतं. मी त्यांच्याकडे पाठ केली.

डावा डोळा रुमालानं पुसला आणि बघायला लागले. सूर्य पाण्यापासून चारेक बोटं वर होता. खाली धुरकट पट्टा होता, मे महिन्याच्या शेवटी असतो तसा. मी लाल वाटेची वाट बघत होते. वाट आली नाही. सूर्य तांबडा झाला, मग विटका झाला, मग खालून पुसला जायला लागला, ओल्या फडक्यानं फळ्यावरचा खडू पुसावा तसा, मागं पांढरट फराटा ठेवून. पाण्याला तो टेकलाच नाही. पाण्याच्या वर, धुरात, कुठंतरी संपला. थांबला तर अजिबात नाही.

पंचावन्न मुली आणि त्यांच्यामागून आलेले सगळे वर्ग. सगळं चूक.

मागची मुलगी म्हणाली, "शी! नीट आलाच नाही." ती दोघं पुढच्या क्षणी निघून गेली. मी उभी राहिले. पाणी राखाडी झालं, पायाखालची वाळू थंड झाली. वाळू थंड होते, हेही मला ठाऊक नव्हतं.

"झालं?" तात्यांनी विचारलं. ते कधीतरी उठून शेजारी येऊन उभे होते.

"झालं."

"चांगला हुता की," ते म्हणाले. थोडा विचार करून म्हणाले, "जरा लांब हुता."

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला घरी आलो. वाटेत आंब्याला नातेवाइकाच्या हॉटेलात थांबायचं तात्यांनी नाव काढलं नाही. घरी आल्यावर मी कपडेसुद्धा न बदलता विद्याश्रीला फोन लावला. शिक्षकदिन नसताना मी फोन केला म्हणून ती घाबरली. "बाई, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. ऐक. नववीत तू विचारलं होतंस, मी समुद्रात सूर्य मावळताना पाहिलाय का. मी हो म्हणाले. ते खोटं होतं. काल पाहिला. तो टेकत नाही, थांबत नाही आणि लाल वाट येत नाही. निदान मे महिन्यात नाही. तुला सांगायचं राहिलं होतं."

मग ती म्हणाली, "बाई, मी तर तेच सांगते. तुमचीच वाक्यं. बत्तीस वर्षं झाली. मुलींना फार आवडतं ते."

"तू स्वतः कधी पाहिलास?"

"नाही बाई. आमच्या ह्यांचं दुकान. संध्याकाळचं गिऱ्हाईक असतं. आम्ही वेंगुर्ल्याला जातो ना, पण दुपारी निघावंच लागतं. मी कितीदा म्हटलं..."

मला हसू आलं. आनंदाचं नव्हतं ते. मी एक खोटं बोलले एवढंच समजत होते. ते गडहिंग्लजला जाऊन दुसऱ्या शाळेत नोकरीला लागलं होतं, त्यालाही नवरा मिळाला होता, आणि त्या नवऱ्यालाही संध्याकाळच्या आत माघारी यायचं असायचं.

"सुट्टी आहे ना अजून शाळेला?" मी विचारलं.

"दहा-बारा दिवस आहे."

"उद्या सकाळी ज्ञानू गाडी घेऊन येईल. मी गाडीत असेन. आजऱ्यावरून घाट उतरायचा आणि वेंगुर्ल्याला मुक्काम करायचा. एक दिवस नाही दिसला तर दुसरा दिवस राहायचं. नवऱ्याला आणायचं नाही."

"पण बाई, ह्यांना सांगू काय?"

"बाईंनी गृहपाठ दिलाय म्हणून सांग."

फोन ठेवला तेव्हा तात्या दारात उभे होते. सगळं ऐकलं असणार. टोपी नीट करत म्हणाले, "मी बी यीन म्हणतो. हे बरं नव्हं, दोन बाया-मान्सं एकटी..."

"तुम्ही कसे याल? कट्ट्यावर पावणे थांबलेत तुमचे."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा घड्याळाकडे बघितलं. साडेपाच होत आले होते. मग त्यांनी बॅगेतून पेला काढला, धोतराच्या फडक्यानं आतून-बाहेरून पुसला आणि जिना उतरून गेले.

मी ज्ञानूला फोन लावला.